वाफ लहान होत नाही

बाबा रिटायर झाले तेव्हा हातात आलेल्या पैशांचं काय करायचं यावर आमच्या घरात तीन मतं होती. आईला कौलं बदलून हवी होती. आमचं घर देवळाली कॅम्पातलं जुनं, कौलारू. स्कूल ऑफ आर्टिलरीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की प्रत्येक बारासरशी एकेक कौल सुतभर सरकतं, असं तिचं तीस वर्षांचं निरीक्षण आहे. मी एफडी सुचवली, कारण मी आयटीत आहे आणि आम्हाला दुसरं काही सुचत नाही. बाबांनी कुणाचंच ऐकलं नाही. अंबडला एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून त्यांनी राजकोटचा चार फुटी सेकंडहँड लेथ उचलला. टेम्पोतून तो उतरवायला सहा माणसं आणि दोन लोखंडी पाइप लागले. माझी स्कूटी शेडमधून बाहेर आली आणि लेथ आत गेला.

"इंजिन करायचंय," बाबा म्हणाले. "माथेरानचं. वाफेवर चालणारं."

इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. तो शब्द आमच्या देवळालीवरून आला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर इथल्या छावणीत महिनोन्महिने अडकून पडायचे, त्यातून. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही.

माथेरानच का, याला कारण आहे. १९७४ साली शाळेच्या सहलीत बाबा त्या गाडीत बसले होते. वय अकरा. बाकीची पोरं माकडं बघत होती, हे इंजिनासमोर वाकून चाकं बघत होते. वळणावर पुढची चाकं आपोआप रुळाच्या दिशेला वळतात आणि तरीही फिरत राहतात, हे त्यांना दिसलं. बैलगाडीचा आस असा वळत नाही. सायकलचं पुढचं चाक वळतं, पण त्याला कुणी फिरवत नसतं. ते नुसतं गडगडतं. वळायचं आणि जोरही लावायचा, ही दोन्ही कामं एकच चाक कसं करतं, हा प्रश्न त्यांनी पुढे चौतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूम टर्नर म्हणून काढताना डोक्यात ठेवला होता, असं त्यांचं म्हणणं आहे. मला वाटतं ते थोडं वाढवून सांगतात. पण थोडंच.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, पुढे लागणार आहे.

खेळण्यातल्या आगगाड्या विजेवर चालतात. पुण्यात कोथरूडजवळ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे अख्खं छोटं शहर आहे, सिग्नल आहेत, गाड्या आहेत, आणि सगळं विजेवर. 'लाइव्ह स्टीम' ही वेगळी जमात. त्यात छोट्या इंजिनाला खराच बॉयलर असतो, खरंच पाणी उकळतं, खरी वाफ खऱ्या सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ढकलते. विलायतेत याचा जुना नाद आहे. 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ पासून याच लोकांसाठी निघत आलंय. आपल्याकडे नागपूरचे इक्बाल अहमद आहेत. त्यांनी केलेलं १.७२ ग्रॅम वजनाचं वाफेचं इंजिन जगातलं सर्वांत लहान म्हणून गिनेस बुकात आहे. पावणेदोन ग्रॅम! आमच्या इंजिनाचा एक नट त्याहून जड असेल.

माथेरानची लाइन १९०७ ची, दोन फुटी. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर. ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने तिच्यासाठी सहा चाकांची छोटी टँक इंजिनं दिली होती. मॉडेलवाल्यांत एक चलनातलं प्रमाण आहे : एका फुटाला १६ मिलिमीटर. दोन फुटांचे झाले ३२. म्हणजे सगळं साधारण १९ पट लहान. हे सोयीचं आहे, कारण ३२ मिलिमीटरचे रूळ आणि चाकं तयार मिळतात. तेच आमच्या देवळाली स्टेशनवरून जाणाऱ्या ब्रॉडगेजचं मॉडेल करायचं म्हटलं तर १६७६ मिलिमीटरला कुठलंही विलायती प्रमाण नीट बसत नाही. रूळ बरोबर घेतले तर इंजिन चुकतं, इंजिन बरोबर घेतलं तर रूळ चुकतात. त्या वाटेला आम्ही गेलोच नाही.

तर १९. एकदा आकडा ठरला की काम सोपं वाटतं. ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप १९ ने भागायचं आणि तसा तुकडा बनवायचा. स्प्रेडशीटमध्ये एक कॉलम. मी तो अर्ध्या तासात करून दिला.

गोची अशी की लांबी १९ ने भागली की पृष्ठभाग ३६१ ने भागला जातो आणि वजन किंवा पाणी ६,८५९ ने. सगळं सारख्या प्रमाणात लहान होतच नाही. छोट्या बॉयलरमध्ये पाण्याच्या मानाने अंग एकोणीस पट जास्त उघडं, म्हणून तो फार लवकर निवतो. खऱ्या बॉयलरचा पत्रा बारा मिलिमीटरचा धरला तर आमचा ०.६३ मिलिमीटरचा हवा. त्याला सिल्व्हर ब्रेझिंग करताना तो हातातच लोळागोळा होईल. आम्ही दीड मिलिमीटरचं तांबं घेतलं. आणि माणसाचा हात तर १९ पट लहान होत नाहीच. रेग्युलेटरचा दांडा मापात केला असता तर तो नखाएवढा झाला असता, तोही वाफेने तापलेला. म्हणून आमचा दांडा केबिनच्या बाहेर डोकावतो. बघणारे म्हणतात, हे चुकलंय. बोटं भाजून घ्या आणि मग बोला.

या नादातल्या लोकांत एक वाक्प्रचारच आहे की निसर्गाचं स्केल मॉडेल होत नाही. पाणी पाणीच राहतं. वाफेला आपण माथेरानच्या घाटात आहोत की देवळालीच्या शेडमध्ये हे कळत नाही.

*

लेथ आला त्याच वर्षी, २०२२ मध्ये, बाबांचा काचबिंदू निघाला.

आधी आईच्या लक्षात आलं. जेवताना डावीकडची वाटी त्यांना दिसायची नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कडेची नजर गेली आहे, गेली ती परत येत नाही, आहे ती टिकवायची. रात्री न चुकता थेंब. समोरचं, मधलं, त्यांना आजही चांगलं दिसतं, वर्तमानपत्र वाचतात. पण लेथवर धोका समोर नसतो, कडेला असतो. फिरत्या चकचा जबडा, टेलस्टॉकचा हँडल, बाही. चौतीस वर्षांत एकदाही बोट न कापलेल्या माणसाला हे सांगायची पाळी माझ्यावर आली, कारण आई म्हणाली, "तुझं ऐकतील."

ऐकलं नाही. दोन आठवडे बोलले नाहीत. मग एके दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "मीटिंग संपली की ये. केस बांधून ये. ओढणी नको. ते हातातलं काढ."

मी कॉम्प्युटरची इंजिनिअर. वर्कशॉपशी माझा संबंध पहिल्या वर्षी एका लोखंडी तुकड्याला सेमिस्टरभर कानस मारण्यापुरता आला होता, आणि तो तुकडाही शेवटी चौकोनी झाला नव्हता. पुण्याच्या कंपनीचं काम मी घरून करते. सकाळी दहा ते सात लॅपटॉप, सात ते नऊ लेथ. ठरलं असं : मशीन मी चालवायचं, बाबा स्टुलावर माझ्या उजव्या हाताला बसणार. मशीनला हात लावायचा नाही. तोंड चालवायला परवानगी.

पहिले तीन महिने आम्ही नुसते गज कातले. वीस मिलिमीटरचा गज घ्यायचा, अठरावर आणायचा. मग सतरावर. मग नुसती चिप्सची रास. मला वाटायचं, बाबा वेळ काढतायत. ते डोळे मिटून बसायचे. एकदम म्हणायचे, "घासतंय." मी बघायचे तर टूल नीट कापतंय असंच दिसायचं. मशीन थांबवून टूल काढलं की टोक बोथट झालेलं असायचं. "कापतं तेव्हा वेगळं बोलतं," ते म्हणायचे. कसं वेगळं? ते त्यांना सांगता यायचं नाही. मी फोनवर नोंदी करायला लागले. 'पितळ : सुकी पानं चुरडल्यासारखं, सुटसुटीत. तांबं : आवाज दबतो, टूलला चिकटतं, घाई नको. फॉस्फर ब्राँझ : बारीक कुरकुर, मध्येच शिट्टी आली तर स्पीड कमी.' त्यांना वाचून दाखवल्या तर हसले. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून दोन वाढवल्या.

बोटांचंही तसंच. दोन तुकडे जुळवले की सांध्यावरून ते अंगठ्याचं नख फिरवतात आणि सांगतात, "पॉइंट झिरो टू वर आहे." मायक्रोमीटर लावला की तेवढंच निघतं, फार तर थोडं कमी-जास्त. नाशिकमध्ये हे विशेष मानलं जात नाही. मायको आल्यापासून, डिझेल इंजेक्टरचे नोझल इथे बनायला लागल्यापासून, या शहरात मायक्रॉन हा शब्द भाजीच्या भावासारखा घराघरात बोलला जातो. आमच्या गल्लीत दोन टूलरूमवाले, एक ग्राइंडरवाला आणि एक क्वालिटीवाला राहतो. क्वालिटीवाल्याशी बाकीचे जपून बोलतात.

*

पहिला खरा पार्ट आम्ही केला तो सेफ्टी वॉल्व्ह. बाबांची अट होती, बॉयलरच्याही आधी हा.

तो का, ते आकड्यांत सांगते. आमच्या बॉयलरचं काम ४० पीएसआयवर चालतं, गाडीच्या टायरपेक्षा थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही. पण त्या दाबाखाली पाणी १०० डिग्रीला उकळत नाही, ते १४१ डिग्रीपर्यंत चढतं. आमच्या बॉयलरमध्ये साधारण १५० मिलिलिटर पाणी भरतो, मोठ्या कपभर. समजा एखादा सांधा फुटला आणि दाब एकदम उतरला, तर त्या १४१ डिग्रीच्या पाण्यातलं अकराएक ग्रॅम पाणी तिथल्या तिथे वाफ होतं, आणि त्या वाफेला सुमारे १९ लिटर जागा लागते. कपभर पाण्यातून पाण्याच्या जारएवढी वाफ, डोळ्याची पापणी लवायच्या आत, अंगणात वाकून बघणाऱ्या पोरांच्या तोंडावर. सेफ्टी वॉल्व्ह आहे तो हे होऊ नये म्हणून.

पार्ट दिसायला किरकोळ. फॉस्फर ब्राँझचा करंगळीच्या टोकाएवढा तुकडा, त्यात ३ मिलिमीटरचं भोक, भोकाच्या तोंडावर ४ मिलिमीटरची स्टीलची गोळी, गोळीवर स्प्रिंग. खालून वाफ गोळीला ढकलते, वरून स्प्रिंग दाबते. ४० पीएसआयला ३ मिलिमीटरच्या भोकावर येणारा जोर होतो साधारण २०० ग्रॅम. म्हणजे स्प्रिंगने गोळी २०० ग्रॅमने दाबून धरायची, त्यापेक्षा जास्त झालं की सोडायची. किराणा दुकानातल्या पाव किलो साखरेपेक्षाही कमी वजन. सगळी सुरक्षा तेवढ्यावर.

पितळ का नाही, हे मी विचारलं होतं, कारण पितळ स्वस्त आणि कातायला गोड. गरम पाण्यात आणि वाफेत पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं, मागे राहतो तांब्याचा स्पंजासारखा पोकळ सांगाडा. बाहेरून तसाच पिवळसर, आतून कुजलेला. म्हणून बॉयलरला जिथे जिथे आटे बसतात तिथे ब्राँझ किंवा गनमेटल.

खरी मेख गोळी बसते त्या सीटमध्ये आहे. भोकाची कड अगदी धारदार आणि अगदी गोल हवी. एक बर राहिली तरी वॉल्व्ह गळतो. बाबांनी मला भोक आधी २.९ ला ड्रिल आणि मग ३ च्या रीमरने हाताने फिरवून करायला लावलं. रीमर उलटा फिरवायचा नाही, कधीच नाही. मग गोळी सीटवर ठेवून, वर पितळेचा गज टेकवून, हातोडीचा एकच ठोका. ठोका किती जोरात? "दारावर पाहुणा आलाय तेवढा." तो ठोका गोळीच्या आकाराची रेघ सीटवर उमटवतो. मग ती गोळी फेकून द्यायची आणि नवी घालायची. असे सात वॉल्व्ह झाले. सहा डब्यात आहेत. सातवा बाबांनी नळीला जोडून, तोंडाने हवा भरून, पाण्याच्या ग्लासात बुडवून पाच मिनिटं धरला. एकही बुडबुडा नाही. मग ते उठले आणि न बोलता थेंब घालायला आत गेले.

बॉयलर त्यानंतरचा. तांब्याची नळी एसीच्या सामानाच्या दुकानातून, टोकाच्या चकत्यांसाठी पत्रा जुन्या नाशकात भांडी बाजारातून. ब्रेझिंगला एक एसी मेकॅनिक बोलावला होता, पण बाबांनी त्याला चहा देऊन परत पाठवलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. तेव्हाचा भारतीय बॉयलर कायदा १९२३ चा होता. पंचवीस लिटरच्या आतल्या भांड्याला तो बॉयलरच मानत नव्हता. म्हणजे कागदोपत्री आम्ही जे बनवलं ते काहीच नव्हतं. कुणी इन्स्पेक्टर येणार नव्हता. बाबाच इन्स्पेक्टर झाले, आणि सरकारी माणसापेक्षा चिकट निघाले. चाचणी दुप्पट दाबावर, ८० पीएसआयला, आणि हवेने नाही, पाण्याने. पाणी दाबलं तरी आक्रसत नाही, त्यात ताकद साठत नाही. सांधा गेला तर एक पिचकारी उडते आणि काटा खाली येतो. हवेने केलं असतं तर बॉम्ब झाला असता. काटा ८० वर वीस मिनिटं ठेवायचा ठरला होता. बाबांनी पाऊण तास ठेवला.

*

भांडण झालं ते काचेवरून.

खऱ्या इंजिनाच्या केबिनमध्ये बॉयलरच्या अंगाला काचेची उभी नळी असते. वरचं टोक वाफेत, खालचं पाण्यात. आत पाणी जिथवर, काचेत पाणी तिथवर. ड्रायव्हरचा जीव त्या काचेत. पाणी कमी पडून फायरबॉक्सचा माथा उघडा पडला की तांबं तापून मऊ होतं आणि बॉयलर फुटतो. जगभर इंजिनं फुटली त्यांत हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. मला ती काच हवी होती, बरोब्बर १९ व्या हिश्शाची. माथेरानच्या इंजिनाच्या फोटोत केबिनमध्ये ती चमकते.

एका रविवारी मी हिशेब मांडला. खऱ्या काचेचं भोक साधारण १३ मिलिमीटर धरलं तर आमचं ०.७ मिलिमीटर. आता बारीक नळी पाण्यात धरली की पाणी आपोआप वर चढतं, हे आपण शाळेत बघितलंय. किती चढतं ते भोकावर अवलंबून; भोक जितकं बारीक तितकं जास्त. मोठ्या इंजिनात हा फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, कुणी मोजतही नाही. ०.७ मिलिमीटरच्या नळीत, उकळत्या पाण्याला, तो येतो ३५ मिलिमीटर. आणि आमचा अख्खा बॉयलर ५० मिलिमीटर व्यासाचा.

म्हणजे बॉयलरच्या तळाला चमचाभर पाणी उरलं असतानाही काच जवळपास भरलेली दिसणार. दिसायला सर्वांत अचूक काच सर्वांत मोठी थाप मारणार.

जाड नळी घ्यायची तर ३ मिलिमीटर भोकाच्या काचेतही पाणी आठ मिलिमीटर जास्त दिसतं, वर बुडबुडे अडकतात ते वेगळंच. मोठ्या मॉडेलमध्ये ती चालते. आमच्या केबिनमध्ये ती ड्रायव्हरपेक्षा जाड दिसली असती. मग मी सुचवलं, डमी लावू. ॲक्रिलिकची ०.७ ची काडी, वर-खाली पितळेचे छोटे कॉक. दिसायला हुबेहूब, आत काही नाही.

"नको," बाबा म्हणाले.

"का पण? आपल्याला माहितीये ना ती खोटी आहे."

"आपल्याला माहितीये. दहा वर्षांनी हे इंजिन कुणाकडे असेल ते माहितीये का तुला?"

"इतके सगळे डमी आहेत की. बॉयलरवरचे रिव्हेट डमी आहेत. हेडलाइट डमी आहे."

"रिव्हेट बघून कुणी ठरवत नाही की आत पाणी आहे. गेज दिसलं की माणूस विश्वास ठेवतो." मग थोडं थांबून, "खोटं दाखवणाऱ्या काचेपेक्षा काच नसलेली परवडली."

मी दोन दिवस वाद घातला. मला ती केबिन पूर्ण हवी होती. तिसऱ्या दिवशी ऑफिसात एक सर्व्हिस बंद पडली आणि तिच्या डॅशबोर्डवर तासभर हिरवा दिवा होता, कारण तो दिवा ती चालू आहे का हे तपासतच नव्हता. कुणीतरी कधीतरी तो कायमचा हिरवा करून ठेवला होता. संध्याकाळी शेडमध्ये गेले आणि काचेच्या जागची दोन भोकं ब्राँझच्या प्लगने बुजवली. बाबांना कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मग पाणी किती उरलंय हे कळायचं कसं? उत्तर असं की कळायची गरजच ठेवायची नाही. या मापाच्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनांत ही जुनी युक्ती आहे : गॅसची टाकी एवढीच करायची की पाणी संपायच्या आधी गॅस संपेल. आग विझली की बॉयलर कोरडा पडू शकत नाही. बघणारा नको, इशारा नको, माप हाच पहारेकरी. मला हे कळलं तेव्हा मी थोडी वेडीच झाले. मी ज्या सिस्टिम बांधते त्यांत आम्ही आधी धोका तयार करतो आणि मग त्यावर अलार्म लावतो.

पण माप काढायला मेहनत पडली. १५० मिलिलिटर पाणी मोजून घालायचं, टाकी भरायची, पेटवायचं, घड्याळ लावायचं, गॅस संपेपर्यंत चाकं हवेत फिरू द्यायची, निवल्यावर उरलेलं पाणी मापात ओतायचं. असं चोवीस वेळा. त्यातून कळलं की ब्यूटेन हवामान बघतो. देवळालीच्या डिसेंबरच्या सकाळी, पारा दहाच्या खाली असताना, टाकीतला दाब पडतो आणि ज्योत मरगळते. मे महिन्यात तीच टाकी भडभडा जळते. सर्वांत वाईट दिवशी २६ मिलिलिटर पाणी उरलं, फायर ट्यूबच्या माथ्यापेक्षा थोडं खाली. बाबांनी टाकीत ब्राँझचा ठोकळा बसवून तिची जागा कमी केली. आता कुठल्याही ऋतूत ४० च्या खाली जात नाही. इंजिन त्यामुळे तीनेक मिनिटं कमी चालतं. चालू दे.

एक पार्ट मात्र असा निघाला की त्याने काहीच त्रास दिला नाही. लुब्रिकेटर. जुनी युक्ती. छोट्या डबीत तेल भरायचं, वाफेच्या नळीला बारीक भोकाने जोडायचं. थोडी वाफ आत येते, निवून पाणी होते, पाणी जड म्हणून तळाला जातं, तेवढंच तेल वर उचललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. एकही हलणारा भाग नाही. मोठ्या इंजिनात चालतं, अंगठ्याएवढ्या डबीतही चालतं. तेल मात्र साधं चालत नाही, ४६० ग्रेडचं सिलिंडर ऑइल लागतं. ते बाबांच्या मित्राने साखर कारखान्यातल्या ओळखीने अर्धा लिटर आणून दिलं. अर्धा लिटर आम्हाला आयुष्यभर पुरेल. शेडला आता त्याचा वास येतो, आईच्या मते घरालाही.

*

पहिल्यांदा रुळावर वाफेने चाललं ते गेल्या फेब्रुवारीत. अंगणात प्लायवुडवर गोल, शेजारची सहा-सात पोरं दोन मीटरवर खडूच्या रेघेमागे. काटा मी बघत होते. बाबा खुर्चीवर, तोंड इंजिनाकडे नाही, कान इंजिनाकडे. ३८ ला म्हणाले, "आता बोलेल." ४१ ला गोळी उचलली. बारीक फुसफुस, मग सरळ पांढरी रेघ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "बसू दे, बसू दे," म्हणजे गोळी पुन्हा सीटवर बसते का ते ऐकू दे. ३७ ला बसली. मग रेग्युलेटर. सुरुवातीला सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी थुंकत, अडखळत दोन हात गेलं आणि मग एका लयीत लागलं. चौदा मिलिमीटरच्या पिस्टनवर चार किलोचा जोर येतो. चार डबे ते सहज ओढतं.

पण वळणावर ते रडतं. चाकांच्या कडा रुळाला घासून किरकिर करतात, कारण आत्ता त्याचे तिन्ही आस साधे आहेत. १९७४ साली बाबांनी वाकून बघितलेली गोष्ट अजून झालेली नाही. तिला क्लीन-लिंडनर आस म्हणतात. आत एक भरीव दांडा, तो फ्रेममध्ये पक्का, त्याला बाहेरून जोर मिळतो. त्यावर एक पोकळ नळी, चाकं त्या नळीवर. दांड्याच्या मधोमध एक गोळा, नळी त्या गोळ्यावर डुलते. आणि गोळ्यातून आरपार गेलेली एक पिन नळीला फिरवत राहते. चाक वळतंही, फिरतंही. अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर चार ओळींचं आहे.

आमच्या मापात गोळा ६ मिलिमीटरचा, दांडा ३ चा, पिन दीडची. बेअरिंगची तयार गोळी चालत नाही. ती इतकी कडक असते की आमचे ड्रिल तिच्यावर नुसते सरकतात. गोळा दांड्यातूनच कातायचा, हाताने, फॉर्म टूलने, आणि मग त्यात मधोमध आडवं भोक. भोक पाच शतांश जरी बाजूला गेलं तरी चाक लंगडणार. हे काम नखाचं आणि कानाचं आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याची कड आणखी थोडी आत आली आहे. बाबांनी घरी आल्यावर मला विचारलं की आपण रोज सात ते नऊ करतो ते सात ते दहा करता येईल का.

तीन गोळे कातून झालेत. पहिला लंबगोल आला. दुसरा बरा होता, भोक पाडताना पिनेचा ड्रिल आत तुटला. तिसरा बाबांच्या हातात आहे. चहा पिताना, टीव्ही बघताना, तो बोटांत फिरत असतो. काल म्हणाले, एका बाजूला किंचित चपटा लागतोय. मायक्रोमीटरने ५.९८ दाखवलं. उद्या चौथा लावायचा आहे, गज कापून ठेवलाय.